काचेनं कणीस कसं ओळखलं?

पावसाळ्यात ताम्हिणी घाटातून जायचं आणि कणीस न खाता परत यायचं, असं आमच्या घरात अजून कुणी केलेलं नाही. मागच्या जुलैत ताई गाडी चालवत होती, तिच्या शेजारी मी आणि मागे दोन भाचरं. गाडी नवीकोरी. त्यामुळे ताईचा हुकूम होता, "सीटवर लिंबू-मिठाचा एक थेंबही सांडायचा नाही!" म्हणून सहावीतल्या भाचीनं युक्ती केली. काच पूर्ण खाली घेतली आणि कणीस आडवं धरून त्याचं टोक खिडकीबाहेर काढलं. ठिबकलं तर रस्त्यावर ठिबकेल!

तेवढ्यात पावसाची जोरदार सर आली. ताईनं मागे न बघताच आपल्या दारावरचं बटण एकदा वर ओढलं आणि सोडून दिलं. मागची काच सर्रकन वर निघाली. तिनं वाटेत कणीस उचललं, खिडकीच्या वरच्या चौकटीपाशी नेलं, दाबलं आणि... थांबली. मग जशी आली तशीच मुकाट्यानं खाली गेली.

गाडीत दोन क्षण कुणीच बोललं नाही. भाचीची बोटं काचेपासून वीतभरच अलीकडे होती. ताईचा चेहरा पांढराफटक पडला.

भाचीला मात्र कणसाची काळजी. ते नीट निरखून झाल्यावर तिनं विचारलं, "मामा, काचेला कसं कळलं मध्ये कणीस आहे ते?"

"सेन्सर असतो गं," मी म्हणालो.

"म्हणजे काय असतं? तिला डोळे असतात?"

मोठ्या माणसांना उत्तर येत नसलं की ती "सेन्सर असतो" असं म्हणतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. मी तेच केलं होतं. घरी आल्यावर मात्र नीट शोधाशोध केली. जे सापडलं, ते आता तुम्हाला सांगतो.

दाराच्या पोटात काय दडलंय?

माझ्या लहानपणी गाडीच्या दाराला आतून एक हँडल असायचं. ते गरागरा फिरवलं की काच वर-खाली व्हायची. हात दुखेपर्यंत फिरवायचं, आणि कुणाची काच आधी वर जाते याची शर्यत लावायची! बटणाची काचही तशी जुनीच आहे बरं का. अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीनं १९४० साली आपल्या एका महागड्या गाडीत अशी सोय दिली होती. पण तेव्हा हे काम तेलाच्या दाबावर चालायचं. आता ते एक छोटी विजेची मोटर करते, जेमतेम तुमच्या मुठीत मावेल एवढी.

ही मोटर दाराच्या पोटात बसलेली असते. तिच्या दांड्यावर स्क्रूसारखे आटे असतात, आणि त्या आट्यांत एक दातेरी चाक अडकवलेलं असतं. मोटर मिनिटाला हजारो फेरे मारते, पण दातेरी चाक सावकाश फिरतं. वेग कमी होतो आणि जोर वाढतो. या जोडीला म्हणतात वर्म गिअर. वर्म म्हणजे अळी. अळी चाकाला फिरवू शकते, पण चाक काही अळीला फिरवू शकत नाही. म्हणून तर बंद काच बाहेरून दाबून खाली करता येत नाही. गिटारच्या खुंट्यांतही हीच जोडी असते. तार कितीही ताणलेली असली तरी खुंटी उलटी फिरत नाही, ती याच्यामुळे.

पुढचं काम बहुतेक वेळा एक बारीक पोलादी दोरी करते. काही घरांत छताला कपडे वाळत घालायची दांडी असते, आठवतेय? भिंतीजवळची दोरी ओढली की दांडी वर जाते. अगदी तसंच. दोरी कप्प्यांवरून फिरते आणि काचेला धरून वर नेते. मोटरमधून वीज एका दिशेनं सोडली की काच वर जाते, उलट्या दिशेनं सोडली की खाली येते.

म्हणजे जोर कुठून येतो ते कळलं. पण शहाणपण कुठून येतं?

बोट उचललं की थांब!

साध्या पॉवर विंडोमध्ये तुम्ही बटण धरून ठेवलं तरच काच हलते. बोट उचललं की ती जागच्या जागी थांबते. यात काय विशेष, असं वाटेल. पण विचार करा, या गाडीत काचेचं शहाणपण कुठे आहे? बटणावरच्या माणसात! कुणी "अगं, हात!" म्हणून ओरडलं की माणूस दचकतो, बोट उचलतो आणि काच थांबते. अर्थात, त्या माणसाचं लक्ष असलं तर.

आता ‘वन टच’वालं बटण बघा. ते दोन पायऱ्यांचं असतं. हलकेच ओढलं तर पहिली पायरी : धरलंय तोवर काच चालणार. आणखी जोरात ओढलं की बोटाला ‘टक्’ असं जाणवतं. ही दुसरी पायरी. आता बोट सोडा, काच आपली आपण शेवटपर्यंत जाणार. या बटणावर बहुधा ‘ऑटो’ असं लिहिलेलं असतं.

बघा हं, गंमत इथेच आहे. काच आपोआप चालायला लागली, पण थांबवणारं बोट तर आपण काढून घेतलं! त्याच्या जागी दुसरं कुणीतरी लक्ष ठेवायला नको का? खाली जाणाऱ्या काचेची फारशी चिंता नसते. वर जाणारी काच मात्र थेट चौकटीला जाऊन भिडते. म्हणून कित्येक गाड्यांत एका स्पर्शात काच खाली जाते, पण वर नेताना बटण धरूनच ठेवावं लागतं. बऱ्याच गाड्यांत तर ‘ऑटो’ फक्त चालवणाऱ्याच्या दाराला असतं. आणि जिथे काच एका स्पर्शात वर जाते, तिथे सहसा एक पहारेकरीही ठेवलेला असतो. त्याचं नाव अँटी-पिंच, म्हणजे चिमटा न बसू देणारा. आमच्या कणसाला तोच भेटला होता.

डोळे नाहीत, मोजणी आहे!

या पहारेकऱ्याला डोळे नाहीत. काचेच्या कडेला त्वचाही नाही. तो फक्त मोजतो.

मोटरच्या दांड्यावर एक छोटं गोल चुंबक बसवलेलं असतं. त्याच्याजवळ असतात दोन इवलेसे सेन्सर. चुंबक फिरताना उत्तर ध्रुव, दक्षिण ध्रुव असे आळीपाळीनं समोरून जातात. दर वेळी सेन्सर म्हणतो, "गेला! ... गेला! ... गेला!" किती वेळा "गेला" झालं यावरून गाडीतल्या चिमुकल्या कॉम्प्युटरला कळतं, काच किती वर आली. दोन "गेला"मध्ये किती वेळ गेला, यावरून कळतो वेग.

पण सेन्सर दोन कशाला? कल्पना करा, जत्रेतल्या गोल फिरणाऱ्या चक्रीपाशी तुम्ही डोळे मिटून उभे आहात. तुमच्या डाव्या आणि उजव्या हाताला एकेक मित्र आहे. समोरून लाकडी घोडा गेला की त्यांनी ओरडायचं. आधी डावा ओरडला आणि लगेच उजवा, तर चक्री डावीकडून उजवीकडे फिरतेय. क्रम उलटा झाला, तर दिशा उलटी! डोळे न उघडता कळलं की नाही? त्या दोन सेन्सरांचंही तसंच.

या सेन्सरमागचा शोध आहे १८७९ सालचा. अमेरिकेत बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आहे. तिथे एडविन हॉल नावाचा तेवीस वर्षांचा विद्यार्थी सोन्याचा वर्ख घेऊन बसला होता. मिठाईवर चांदीचा वर्ख असतो ना, तसाच, पण सोन्याचा. त्यानं वर्खातून वीज सोडली आणि तो ताकदवान चुंबकाच्या तावडीत धरला. तेव्हा वर्खाच्या दोन कडांमध्ये विजेचा अगदी बारीकसा दाब तयार झालेला त्याला दिसला. चुंबकामुळे वाहती वीज एका कडेला ढकलली जात होती! याला आज हॉल परिणाम म्हणतात. जवळ चुंबक आहे की नाही, हे न शिवता ओळखायची ही नामी युक्ती. त्या वेळी मोटारगाड्यांचा जन्मही व्हायचा होता. आपल्या वर्खाचा उपयोग पुढे कणसं वाचवायला होईल, हे हॉलला स्वप्नातही सुचलं नसेल.

आता ती सर, ती काच आणि ते कणीस पुन्हा आठवा. काच वर चाललीय. "गेला, गेला, गेला", सगळं ठेक्यात. मग कणीस चौकटीला टेकलं. मोटर अडखळली. "गेला... गेला...... गेला.........." कॉम्प्युटरच्या लक्षात आलं, अरेच्चा, ठेका चुकला! आणि मोजणीप्रमाणे काच तर अजून वरपर्यंत पोहोचलेली नाही. म्हणजे मध्ये काहीतरी आहे. लगेच वीज उलटी, काच माघारी. हे सगळं डोळ्याची पापणी लवते न लवते तोच.

काही गाड्यांत फेऱ्यांऐवजी मोटर किती वीज ओढतेय त्यावर नजर ठेवतात. हे तर तुमच्या स्वयंपाकघरातही घडतं. मिक्सरमध्ये घट्ट चटणी अडकली की आवाज कसा दबतो? मोटर अडली की ती जास्त वीज ओढते. फारच अडली तर मिक्सर बंद पडतो आणि मग आई तळाचं लाल बटण दाबून तो पुन्हा चालू करते. मिक्सर अडकल्यावर थांबतो, काच अडकल्यावर मागे फिरते, एवढाच फरक!

खड्डा की बोट?

हे ऐकून भाचीनं मला पेचात पकडलं. "मग खड्ड्यात गाडी आपटली तर? तेव्हाही काच अडखळेल ना?"

बरोबर! काच वर जाताना गाडी खड्ड्यातून गेली, तर काचेला हिसका बसतो आणि मोजणीचा ठेका चुकतो. कॉम्प्युटरला वाटू शकतं, बोट अडकलं. मग काच उगाचच खाली येते, आणि आपल्या रस्त्यांवर तर ती बंदच व्हायची नाही! म्हणून इंजिनिअर मंडळींना त्याला हा फरक शिकवावा लागतो. खड्ड्याचा हिसका क्षणभर येतो आणि जातो. हात किंवा कणीस मध्ये असेल तर अडथळा वाढतच जातो.

आणखी एक अडचण आहे. काच वरच्या रबरी खाचेत घुसतानाही अडथळा होतोच. त्यालाही बोट समजली तर ती दर वेळी शेवटच्या क्षणी परत फिरेल. म्हणून अगदी शेवटचे साधारण ४ मिलिमीटर राहिले की पहारेकरी डोळेझाक करतो. एवढ्या फटीत बोट मावत नाही. पण ओढणीचं टोक किंवा पिशवीचा बंद सहज मावतो.

आणि पहारेकरी विसराळूही आहे बरं का! गाडीची बॅटरी काढून पुन्हा जोडली, की कित्येक गाड्यांत काच आपली मोजणी विसरून जाते. वर कुठे थांबायचं तेच तिला आठवत नाही. मग ‘ऑटो’ चालत नाही. काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसंच धरून ठेवलं, की तिला पुन्हा कळतं, "हं, हे माझं वरचं टोक." प्रत्येक गाडीची रीत थोडी वेगळी असते, म्हणून हे गाडीच्या पुस्तकात बघून मोठ्यांनीच करायचं.

१०० न्यूटन म्हणजे किती?

काचेनं माघार नेमकी कधी घ्यायची? अडथळा जाणवला की लगेच म्हणावं, तर जाणवण्यासाठी आधी थोडं दाबावं लागतंच. अमेरिकेच्या आणि युरोपच्या नियमांत याची हद्द ठरलेली आहे. आपोआप माघारी फिरणाऱ्या काचेनं १०० न्यूटनांपेक्षा जास्त जोर लावायच्या आत फिरलं पाहिजे. ते तपासताना ४ मिलिमीटरपासून २०० मिलिमीटरपर्यंत जाडीचे दांडे फटीत ठेवून बघतात. म्हणजे पेन्सिलीहून बारीक दांड्यापासून चांगल्या जाडजूड नळकांड्यापर्यंत!

न्यूटन हे जोर मोजायचं माप आहे. १०० न्यूटन म्हणजे साधारण १० किलो वजनाचा दाब. तो कसा लागतो, हे घरी बघता येईल.

*करून बघा :* आपण वजन करायला ज्याच्यावर उभे राहतो तो काटा जमिनीवर ठेवा. दोन्ही तळवे त्यावर टेकवा आणि आकडा १० होईपर्यंत दाबा. बघा किती जोर लावावा लागतो! हा जोर तुमच्या करंगळीवर आला तर दुखेल का? चांगलंच दुखेल. पण १० किलोंची हद्द नसती, तर मोटरनं याहून कितीतरी जास्त जोर लावला असता.

हा प्रयोग काट्यावरच करायचा. काचेत स्वतःचं बोट घालून "बघू थांबते का" असं कधीही, कुठल्याही गाडीत करायचं नाही. तुमच्या गाडीला पहारेकरी नसेलच तर?

गुडघ्याला ओढता येत नाही!

मला सगळ्यात आवडलेली युक्ती तर सेन्सरचीही नाही. ती आहे बटणाच्या आकाराची.

पूर्वी बऱ्याच गाड्यांची बटणं साध्या झोक्यासारखी असायची. एक बाजू दाबली की काच खाली, दुसरी बाजू दाबली की वर. आता समजा, एखादं छोटं मूल खिडकीतून डोकं बाहेर काढून गंमत बघतंय. नीट दिसावं म्हणून ते दारावरच्या हात टेकायच्या जागेवर गुडघे टेकून उभं राहिलं. बटणं तिथेच! गुडघा नेमका चुकीच्या बाजूवर पडला तर? काच वर यायला लागणार, आणि डोकं बाहेर. घाबरलेल्या मुलाला कळणारही नाही की आपलाच गुडघा बटण दाबतोय. असे भयंकर अपघात खरोखर झाले. कुत्र्याच्या पंजानंही बटण दाबलं जायचं.

मग उपाय काय निघाला? काच वर न्यायची असेल तर बटण दाबायचं नाही, ओढायचं! बटणाच्या पुढच्या कडेखाली बोट घालायचं आणि वर उचलायचं. गुडघा दाबू शकतो, कोपर दाबू शकतं, पंजा दाबू शकतो. पण गुडघ्याला काही ओढता येत नाही! चुकून बटण दाबलंच गेलं, तर काच फार तर खाली जाईल. अमेरिकेत २००५ साली संसदेनं कायदाच केला, की काच वर नेणारी बटणं वर किंवा बाहेर ओढायचीच असली पाहिजेत. ना सेन्सर, ना कॉम्प्युटर, नुसता आकार बदलला! आज गाडीत बसलात की दारावरचं बटण नीट बघा. नखाखाली येणारी ती कड कशासाठी आहे, हे आता तुम्हाला माहीत आहे.

पहारेकरी असला तरी

तर भाचीच्या प्रश्नाचं उत्तर काय? काचेनं कणीस ओळखलंच नाही! तिनं फक्त मोजलं आणि तिचा हिशेब चुकला. पुढे कणीस आहे, चेंडू आहे की हात, तिला पत्ताच नव्हता.

म्हणून तिच्यावर सगळा भार टाकायचा नाही. ओढणी किंवा स्कार्फ यांसारख्या मऊ, पातळ गोष्टी तिला कळतीलच असं नाही. काही गाड्यांत बटण ओढून धरूनच ठेवलं, तर काच अडथळ्याला न जुमानता वर जाते. शिवाय कधी कधी एकाच गाडीत एका खिडकीला पहारेकरी असतो आणि दुसरीला नसतो. चालवणाऱ्याच्या दारावर खिडकीचं चित्र असलेलं एक बटण असतं. ते दाबलं की मागच्या मुलांची बटणं चालत नाहीत. लहान भावंडं मागे असतील तर ते दाबून ठेवायची आठवण करा. पण चालवणाऱ्याला आपल्या बटणांनी मागच्या काचा तरीही वर करता येतात. आठवतं ना, आमच्या गाडीत बटण ताईनंच ओढलं होतं, आणि तेही मागे न बघता! आणखी एक, गाडी थांबल्यावर मोठी माणसं उतरली तर मुलांनी एकट्यानं आत बसून राहायचं नाही, आणि किल्ली तर आत मुळीच ठेवायची नाही.

त्या दिवसापासून आमच्याकडे एक नियम झालाय. काच वर घेण्याआधी ताई आरशात बघते आणि ओरडते, "हात?" मागून दोघं कोरसमध्ये, "आत!" मगच बटण. धाकटा तर आता लिफ्टमध्येही ओरडतो.

आणि कणीस? ते भाचीनं घाटातच खाऊन टाकलं. पण खाण्याआधी तिनं मला दाखवलं होतं. जिथे काच लागली होती, तिथले दोन दाणे फुटून त्यांतून दूध आलं होतं.

"मामा, काच थांबली खरी," ती म्हणाली, "पण दोन दाणे फोडल्यावर."